दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा
(वाडी, बडोदे येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी एका शब्दात ‘चष्मा’ असे कळवले. व्याख्यानमाला असल्यामुळे ‘जीवनाकडे पाहण्याचा चष्मा’ असे काहीतरी असेल, असा त्यांचा समज झाला. तसे काही नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, तत्त्वज्ञ तर नाहीच. लोकांच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवून ‘हे बरे की ते बरे’ विचारण्यात माझे आयुष्य गेले. आज बोलायचे आहे ते काचेच्या चष्म्याबद्दल, त्यातही जुन्या चष्म्याबद्दल.

माणूस गेला की तेराव्यानंतर त्याचे कपडे वाटले जातात. काठी, छत्री, चपला कुणाच्या तरी उपयोगी पडतात. चष्म्याचे काय करायचे ते मात्र कुणाला ठरवता येत नाही. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. मग मुलगा आमच्या चष्म्याच्या दुकानात येऊन तो काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “काका, खेड्यात कुणाला तरी द्या. एखाद्या गरिबाला दिसेल.” भावना खरी असते, म्हणून आम्ही चष्मा ठेवून घेतो. आपल्याकडेच असे घडते असे नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ गांधीजींच्या एका चष्म्याचा लिलाव झाला. तो त्यांनी स्वतःच कुणाला तरी भेट दिला होता. बोली 2 लाख 60 हजार पौंडांवर गेली. घेणाऱ्याला इतिहास मिळाला. पण तो घालून त्याला स्पष्ट दिसेल की नाही, हे त्याचा स्वतःचा नंबर काय यावरच ठरणार.

दान केलेला चष्मा ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर लागतो का, एवढाच आजचा प्रश्न. अर्धे उत्तर आधीच सांगतो: क्वचित. उरलेले अर्धे सांगायला वेळ लागेल, कारण त्या क्वचितमध्ये थोडे गणित आहे.

बडोद्यात हा विषय काढायला एक कारण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा 1875 साली बडोद्याच्या राजगादीवर दत्तक आला. त्यानेच पुढे 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. महाराजांना वाचक घडवायचे होते आणि ते घडलेही. मात्र त्या वाचकाला चाळिशी लागल्यावर पेटीतले पुस्तक कसे वाचायचे, याची सोय कुठल्याही पेटीत नव्हती. पुस्तकाचे एक बरे असते. ते एकाने वाचून झाले की दुसऱ्याच्या हाती जसेच्या तसे कामाला येते. म्हणून पुस्तकांची पेटी फिरवता येते. चष्म्यांची पेटी तशीच फिरवू पाहणारे आजही आहेत आणि ती का फिरत नाही हे त्यांना कुणी सांगत नाही.

अशी एक पेटी उघडू या. वाण्याकडच्या बिस्किटांच्या खोक्यात शे-दोनशे चष्मे. वरचा उचलला की दांड्यांच्या गुंत्यात अडकलेले आणखी तीन वर येतात. काहींची एक दांडी नसते. काहींच्या स्क्रूच्या जागी सुईदोरा असतो, नाकावरची पॅडे पिवळी पडलेली असतात. प्लॅस्टिकच्या भिंगांचे कोटिंग सापाच्या कातीसारखे निघालेले असते. मधेच कुणाचा तरी उन्हाचा गॉगल, सिनेमाघरातून आलेला थ्री-डी चष्मा, आणि एखादी रिकामी डबी, जिच्यावर दुकानाचे नाव आणि चार आकडी फोन नंबर. तुटलेले आणि खरवडलेले बाजूला काढले की खोके बरेच रिकामे होते. उरलेले साबणाच्या पाण्यात धुऊन पुसून घ्यायचे आणि एकेक, भिंगाचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर, लावायचा. यंत्रात डोळा लावला की हिरव्या रेघा दिसतात. ड्रम फिरवत त्या स्वच्छ करायच्या. सगळ्या रेघा एकदम स्वच्छ झाल्या तर भिंग नुसत्या गोल नंबरचे. एका दिशेच्या रेघा एका आकड्यावर आणि आडव्या दिशेच्या दुसऱ्या आकड्यावर स्वच्छ होत असतील तर भिंगात सिलिंडर आहे. मग त्याचा अक्ष बघायचा, मध्य शोधून शाईचे तीन ठिपके मारायचे, दोन भिंगांच्या मध्यांतले अंतर मोजायचे आणि चष्मा पाकिटात घालून पाकिटावर सगळे लिहायचे. सरावलेल्या माणसाला एका चष्म्याला चार-पाच मिनिटे लागतात. फुकट आलेल्या चष्म्याचा खर्च इथूनच सुरू होतो.

आता पाकिटावर काय लिहिले ते पाहू. ‘माझा नंबर दोन आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा बरेच काही गाळलेले असते. एका डोळ्याचा नंबर तीन आकड्यांचा. पहिला गोल नंबर: लांबचे दिसत नसेल तर उणे, जवळचे दिसत नसेल तर अधिक. दुसरा सिलिंडर: बुबुळाचा पृष्ठभाग सगळ्या दिशांना सारखा वळलेला नसला की तो लागतो. तिसरा अक्ष: ते सिलिंडर किती अंशांत बसवायचे. दोन डोळ्यांचे असे सहा आकडे, आणि सातवे दोन बाहुल्यांतले अंतर. पन्नाशीनंतर डबल भिंग असेल तर आठवा, जवळच्या वाढीव नंबराचा.

कागदावर एक हिशेब मांडून पाहा. गोल नंबर उणे 6 पासून अधिक 4 पर्यंत पाव-पावच्या पायऱ्यांनी घेतला तर 41 पायऱ्या. सिलिंडर पावापासून दोनपर्यंत 8 पायऱ्या. प्रत्येकासाठी अक्ष दहा-दहा अंशांनी धरला तर 18 जागा, म्हणजे 144, आणि सिलिंडर नसलेला एक प्रकार मिळून 145. एका डोळ्याचे 41 गुणिले 145, म्हणजे 5,945 प्रकार. दोन डोळ्यांच्या जोड्या 3 कोटी 53 लाखांच्या वर. बाहुल्यांतले अंतर अजून धरलेलेच नाही. खरे तर हा हिशेब थोडा फुगवलेला आहे. एकाच माणसाचे दोन डोळे बहुधा एकमेकांच्या जवळपासचे असतात आणि बहुतेकांचे नंबर लहान असतात. तरी दोन हजार चष्म्यांच्या पेटीत समोरच्या माणसाचा हुबेहूब नंबर सापडण्याची आशा कितपत धरावी, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून जुळवणी म्हणजे तडजोड, आणि कुठली तडजोड चालते व कुठली नाही हे कळणे हेच या कामातले खरे कौशल्य. संगणकाला यादी देता येते, तो जवळचे दहा चष्मे शोधून देतो. पण जवळचा म्हणजे काय, हे आधी माणसाला ठरवावे लागते.

सगळ्यात सोपी तडजोड गोल नंबराची. एखाद्याला उणे 2 आणि त्यावर सिलिंडर उणे 1 हवा आहे, आणि तसा चष्मा पेटीत नाही. तेव्हा सिलिंडरचा अर्धा गोल नंबरात मिळवतात: उणे 2 आणि उणे अर्धा, मिळून उणे अडीचचे साधे गोल भिंग. माणसाला अगदी धारदार दिसत नाही, पण बसवरची पाटी वाचता येते. सिलिंडर एकच्या आतबाहेर असेल तोवर हे खपते. दोन-अडीचचा सिलिंडर असेल तर खपत नाही, अक्षरांना सावल्या राहतातच.

अक्षाच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा फार थोडी. चष्म्यात बरोबर तेवढाच सिलिंडर आहे, पण अक्ष 15 अंशांनी चुकला, तर दोषाचा निम्मा भाग तसाच उरतो. 30 अंशांनी चुकला की मूळ दोषाइतकाच दोष नव्या दिशेने उभा राहतो, म्हणजे सिलिंडर असून नसल्यासारखा. त्यापुढे चुकला तर न घातलेला बरा. म्हणून ‘सिलिंडर जुळतोय ना, अक्षाचे बघू’ असे म्हणणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातून पेटी काढून घ्यावी. पेटीतल्या सिलिंडरच्या चष्म्यांपैकी फार थोडे दुसऱ्या कुणाला लागतात, त्याचे कारण हेच.

मग बाहुल्यांतले अंतर. हे कुणी विचारातच घेत नाही, आणि डोकेदुखी होते ती यामुळे. भिंगाच्या मध्यापासून नजर बाजूला सरकली की भिंग प्रिझमसारखे वागते. हिशेब सोपा आहे: सरकलेले अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणायचे. उंच, रुंद चेहऱ्याच्या पुरुषाचा उणे 4 चा चष्मा, मध्यांतले अंतर 68 मिलिमीटर. तो 58 मिलिमीटर अंतराच्या एखाद्या बाईला दिला, तर प्रत्येक डोळा मध्यापासून 5 मिलिमीटर बाजूला. अर्धा सेंटिमीटर गुणिले 4 म्हणजे एका डोळ्याला 2 प्रिझम, दोन्ही मिळून 4. तिला दिसेल, पण डोळ्यांना सारखी ओढ लागेल आणि आठवड्यात चष्मा खुंटीवर जाईल. पुढच्या फेरीत तिला ‘तुम्ही घालत नाही’ म्हणून आपणच रागावणार.

आणखी एक फरक वयाचा. विशीतल्या पोराला अर्ध्या नंबराने जास्तीचे उणे गेले तर तो डोळ्याच्या जोरावर ते पचवतो. पंचेचाळिशीच्या माणसाला तेच दिले तर लांबचे दिसेल आणि हातातले जाईल. म्हणून संगणकावर दोन चष्मे सारखेच ‘जवळचे’ ठरले, तरी एक देण्याजोगा आणि दुसरा न देण्याजोगा असू शकतो. हे शिकवायला वर्गात फळा लागत नाही. संध्याकाळी शिबिर आवरताना परत आलेले चष्मे मोजले की कळते.

2012 साली ‘ऑप्टोमेट्री अँड व्हिजन सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड विल्सन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दान आलेले 275 चष्मे त्यांनी तपासले. वापरण्याजोगे निघाले 7 टक्के. गोळा करणे, धुणे, मोजणे, वाहतूक, निवड असा सगळा खर्च धरून ज्याच्या नाकावर चष्मा बसला त्याच्यामागे एका चष्म्याला 20 डॉलर 49 सेंट पडले. नवा कोरा तयार चष्मा याहून बराच स्वस्त मिळतो. अंधत्व-निवारणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीही जुने चष्मे पाठवू नका असेच सुचवले. यातून कुणाला कमी लेखायचे नाही. हेलन केलर यांनी 1925 साली ओहायोत लायन्स क्लबच्या अधिवेशनात अंधांसाठी उभे राहण्याची हाक दिली, त्यानंतर त्या चळवळीने चष्मे गोळा करण्याचे प्रचंड काम केले. न्यू जर्सीत ज्युलिया लॉरेन्स टेरी या बाईंनी 1932 साली, मंदीच्या ऐन भरात, घरोघरच्या जुन्या चष्म्यांतून असेच काम सुरू केले. त्या काळात नवा चष्मा महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त होता. आता दोन्ही गोष्टी उलट झाल्या आहेत, आणि पेटी मात्र जुन्याच वाटेने चालली आहे.

आपल्याकडेही एक काळ असा होता की जुना चष्मा खरोखर चालत असे. इथल्या ज्येष्ठांनी नेत्रयज्ञ पाहिले असतील. शाळेच्या वर्गांत गवताच्या गाद्या, ओळीने पडलेली माणसे, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी, आपल्या चरोतरात आणंदजवळच्या चिखोदऱ्याच्या रविशंकर महाराज नेत्र रुग्णालयाने आणि डॉ. दोशींनी अशी शिबिरे घेऊन हजारो मोतीबिंदू काढले. तेव्हा मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळ्यातले भिंगच काढायचे, आत दुसरे बसवायचे नाही. भिंग गेलेल्या डोळ्याला अधिक 10 च्या आसपासचा जाड चष्मा लागे, आणि गंमत अशी की तो बहुतेकांना साधारण तेवढाच लागे. शिबिरात सरसकट अधिक 10 चे चष्मे वाटत. आजोबा गेले की त्यांचा बाटलीच्या बुडासारखा चष्मा शेजारच्या गावच्या आजोबांना देता येई, आणि ते घालून शेतावर जात. एकाचा चष्मा दुसऱ्याला हा समज आपल्यात रुजला तो या काळात, असा माझा अंदाज आहे. पुढे डोळ्याच्या आत भिंग बसवण्याची सोय आली. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी ते 1949 सालीच करून पाहिले होते, पण आपल्या खेड्यातल्या माणसाला परवडण्याजोगे झाले ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय परिवाराने 1992 मध्ये ऑरोलॅब काढून भिंगे स्वतः बनवायला घेतली त्यानंतर. अधिक 10 चा चष्मा गेला, आणि त्याच्याबरोबर जुन्या चष्म्याचे मोठे गिऱ्हाईकही गेले. समज तेवढा राहिला.

आता देणारा कोण आणि घेणारा कोण ते बघा. बडोद्यात माझ्याकडे चष्मे येतात ते अलकापुरीतून, कारेलीबागेतून, आपल्या वाडीतून. कॉलेजातली मुले, बँकेतली माणसे, संगणकावर बसणारे. उणे तीन, उणे साडेचार, सिलिंडरसह, दर दोन वर्षांनी बदललेले. घेणारा बसतो इथून शंभरेक किलोमीटरवर, छोटाउदेपूर, कवांट, नसवाडीच्या डोंगरांत. पुष्कळांचे लांबचे चांगले असते. झाडावरचे ताडफळ ते खालून मोजतील. चाळिशी ओलांडल्यावर जाते ते हातातले. त्यांना हवा अधिक दीड, अधिक दोन, अधिक अडीच, दोन्ही डोळ्यांना सारखा, बिनसिलिंडरचा. पेटीत असतात बहुतेक उणे, लागतात बहुतेक अधिक. हुशार संगणक लावला तरी ही दरी भरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात जवळचे न दिसणाऱ्या आणि त्यासाठी चष्माही न मिळालेल्या माणसांचा आकडा 82 कोटी 60 लाख आहे. त्यातल्या बहुतेकांना डॉक्टरसुद्धा लागणार नाही. चाळिशीत डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते आणि जवळच्या वस्तूवर नजर ठरत नाही, एवढेच. त्यावर पाच-सहा ठराविक नंबरांचे तयार चष्मे आहेत. ते रस्त्यावर शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात या घटकेला आहेत.

‘खेड्यातल्या माणसाला जवळचे कशाला हवे, तो कुठे वाचतो?’ हे वाक्य मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. संखेड्याला जा. वाडीतल्या कितीतरी घरांत संखेड्याचा झोपाळा आहे, मुलींच्या लग्नात संखेड्याचे पाट आले आहेत. लाकूड संघाड्यावर उतरवल्यावर त्यावरची वेलबुट्टी हाताने, कुंचल्याने काढतात. अकीकाच्या दगडाने घोटतात, मग लाख चढते. नक्षी काढणारा कारागीर पंचेचाळिशीला आला की वस्तू हातभर लांब धरू लागतो, आणि हातभर लांबून बुट्टी बारीक निघत नाही. तो घोटायला बसतो, बारीक काम मुलाकडे जाते, त्याची मजुरी उतरते. राठवा आदिवासींच्या घरात भिंतीवर पिठोरा चित्र लिहिणाऱ्याचे तेच, दाण्यातले खडे वेचणाऱ्या बाईचे तेच. आसामात चहाच्या मळ्यात 751 कामगारांवर केलेला प्रयोग 2018 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे चाळिशीचे किंवा पुढचे. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोड दुसऱ्या गटापेक्षा 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली. 2024 मध्ये बांगलादेशातल्या अभ्यासात असाच चष्मा मिळालेल्यांची कमाई आठ महिन्यांत 33.4 टक्क्यांनी जास्त निघाली. वाचनाचा यात कुठे संबंधही नाही.

कवांटच्या बाजूला एका शिबिरात गोदडी शिवणारी एक बा, म्हणजे आजीबाई, आली होती. एका उत्साही मुलाने पेटीतला सोनेरी काड्यांचा चष्मा तिला चढवला आणि विचारले, “बा, देखाय छे?” (दिसते का?) ती म्हणाली, “देखाय छे, भाई.” सगळे खूश झाले. मी सुईदोरा पुढे केला. तिने तो घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, सुई हातभर लांब धरली, दोरा ओलसर करून दोनदा चुकवला आणि आमच्याकडे बघून हसली. चष्मा उणे पाऊणचा होता. नवा अधिक अडीचचा दिला तेव्हा दोरा पहिल्या खेपेला गेला. तिने मान हलवली आणि दुसरी सुई मागितली. मधल्या वेळात तिला काहीही बोलावे लागले नाही. त्या भागात देणाऱ्याला ‘नाही’ म्हणत नाहीत. पाहुण्याने काही हातात ठेवले की ते चांगलेच असते. म्हणून शिबिराच्या अहवालात ‘इतक्या लोकांना चष्मे दिले’ असा आकडा वाचला की मी विचारतो: किती जणांनी सुई ओवली?

मुलांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दान आलेल्या पेटीतला चष्मा मुलाच्या डोळ्यांवर चढवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून धूसर चित्र गेले की तो डोळा आळशी पडतो आणि मोठेपणी योग्य नंबर देऊनही पूर्ण भरून येत नाही. मुलाचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालून, रेटिनोस्कोपने काढायचा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे, त्यात शाळेतल्या मुलांना चष्मे मोफत मिळतात. ते मागून घ्यावेत. तयार भिंगे मुलांना चालतच नाहीत असे मात्र नाही. बंगळुरू परिसरातल्या शाळांतली एक चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना साध्या गोल नंबराने पुरेसे दिसते आणि दोन डोळ्यांत फारसा फरक नाही, त्यांतल्या काहींना तयार चष्मे दिले, काहींना खास बनवलेले. काही महिन्यांनी अचानक जाऊन पाहिले तर दोन्ही गटांत चष्मा घालणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखे होते. पण त्या मुलांचा नंबर आधी नीट काढलेला होता आणि चष्मा नवा होता. हे दोन शब्द गाळून कुणी तो अभ्यास पेटीच्या बाजूने उभा करू नये.

जुळवणीवर आणखी वेगळ्या वाटाही निघाल्या. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ जोशुआ सिल्व्हर यांनी भिंगात द्रव भरून घालणाऱ्याने स्वतःच नंबर कमीजास्त करायचा चष्मा काढला. युक्ती सुंदर, पण सिलिंडरला उपाय नाही आणि तो चष्मा तरुण पोरी घालणार नाहीत. जर्मनीतले शिक्षक मार्टिन आउफमुथ यांनी स्प्रिंगच्या तारेची फ्रेम वाकवायचे हातयंत्र बनवले. तयार भिंगे त्यात खटकन बसतात आणि सामानाचा खर्च डॉलरभर. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे, कारण तीत चष्मा गावातच तयार होतो आणि मोडला तर गावातच दुरुस्त होतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने सुमारे 50 हजार वस्तीमागे एक दृष्टिकेंद्र उभे केले तेही याच विचाराने. शिबिर उठून जाते. स्क्रू निघतो तो शिबिर उठल्यावर.

मग जुन्या चष्म्यांचे करायचे काय, असे इथे कुणीतरी विचारणारच. फ्रेम धातूची आणि धड असेल तर तीत नवी भिंगे बसवता येतात, म्हणून फ्रेम जरूर द्या. जवळचा, अधिक नंबराचा, दोन्ही बाजू सारख्या आणि न खरवडलेला चष्मा असेल तर तोही लागतो. उन्हात काम करणाऱ्याला गॉगल लागतो. बाकीचे, विशेषतः सिलिंडरचे आणि डबल भिंगाचे, कुणाला देऊ नका. ते खेड्यात पाठवले की तुमच्या कपाटाऐवजी खेड्यातल्या शाळेच्या कपाटात पडून राहतात, एवढाच फरक.

पैसे द्यायचे असतील तर नव्या अधिक दीड, दोन आणि अडीचच्या चष्म्यांसाठी द्या. चांगल्या दिसणाऱ्या फ्रेमचे द्या. फुकटाचा म्हणून कुरूप चष्मा कुणीही घालत नाही, राठवा बाईसुद्धा नाही. वडिलांच्या नावाने द्यायचे असेल तर पाकिटावर वडिलांचे नाव लिहा.

पण पैशापेक्षाही माणसांची गरज जास्त आहे. जवळची नजर तपासायला डिग्री लागत नाही. दोन दिवस शिकवले की दहावी झालेला कोणीही ते करू शकतो: एक तक्ता, एक दोरी, पाच नंबरांचे चष्मे, एक सुई. त्याला एवढेच नीट कळायला हवे की ज्याचे लांबचेही अंधूक आहे, ज्याच्या बाहुलीत पांढरे दिसते, ज्याचा डोळा लाल आहे किंवा दुखतो आहे, त्याला चष्मा द्यायचा नाही, रुग्णालयात पाठवायचे. वाडीतली निवृत्त मंडळी गुजराती घरच्यासारखी बोलतात, आणि छोटाउदेपूरच्या हाटाला सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. ज्यांना महिन्यातून एक दिवस देता येईल त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसांकडे नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. शिकवायला मी आहे.